केमो संपली, अण्णांना चालायला लावू का?

परभणीकर:
अण्णा ६१ वर्षांचे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तिसरी स्टेज. ऑपरेशन झालं, दिवाळीच्या आधी केमो संपली. तेव्हापासून माणूस बाजेवरच. मी म्हणतो थोडं चाला. आई म्हणते, "त्यांच्या अंगात काही राहिलं नाही, निवांत पडू दे." व्यायामानं कॅन्सर लांब राहतो म्हणतात. पण अण्णांनी चाळीस वर्षं कापूस-तूर केली, शेत तीन किलोमीटर, रोज पायी. तरी झालाच ना? मी तर दिवसभर खताच्या दुकानात गल्ल्यावर बसून. माझं काय?

फिजिओ, संभाजीनगर:
व्यायामानं शक्यता कमी होते, हमी मिळत नाही. पण अण्णांचे कष्ट वाया गेले असं अजिबात समजू नका. एवढं ऑपरेशन आणि केमो त्यांनी त्याच कमावलेल्या अंगावर काढली.

चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, मग इन्सुलिन कमी लागतं. ते सतत चढं राहिलं तर पेशींना वाढत राहायचा इशारा मिळतो. मोठं आतडं, स्तन, गर्भाशयाचं अस्तर, इथल्या कॅन्सरबाबत पुरावा भक्कम आहे. तुम्ही आठवड्याला किमान १५० मिनिटं झपझप चाला. तंबाखूची पुडी असेल तर आजच बंद, तिचं नुकसान चालून भरून निघत नाही. वडलांना झालाय, तेव्हा चाळिशी आली असेल तर स्वतःच्या कोलोनोस्कोपीबद्दलही, म्हणजे मोठं आतडं आतून दुर्बिणीनं तपासून घेण्याबद्दल, डॉक्टरांशी बोला.

आता अण्णांचं. २०२५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आतड्याच्या कॅन्सरचे ८८९ रुग्ण, ऑपरेशन-केमो झालेले. निम्म्यांकडून तीन वर्षं, मागे माणूस लावून, व्यायाम करून घेतला. बाकीच्यांना नुसती माहितीपुस्तिका. पाच वर्षांनंतर आजार न उलटता जगणारे पहिल्या गटात ८० टक्के, दुसऱ्यात ७४. हिमोग्लोबिन, प्लेटलेट दाखवून डॉक्टरांना विचारा आणि सुरू करा.

लातूरची काकू:
दादा, मी स्तनाच्या कॅन्सरातून उठले त्याला सहा वर्षं झाली. सासूबाईंनी मायेनं तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. महिन्याभरात हात खांद्याच्या वर जाईना. भाकरी थापायला बसले की परातीवरच जड पडायचा. मग तुळशीपासून फाटकापर्यंत फेऱ्या धरल्या. एक फेरी झाली की वाटीत एक चिंचोका. पहिल्या दिवशी चारच पडले, त्यातही दोनदा ओट्यावर टेकले. पोळ्यापर्यंत वाटी भरायला लागली.

अण्णांना "चाला" म्हणू नका हो. काम सांगा. शेतकरी माणूस, नुसत्या फेऱ्या मारायला त्याला लाज वाटते. आमच्या घरच्यांनी मला रोज कालवडीला पाणी दाखवायला धाडलं.

परभणीकर:
काकू, डॉक्टरांना फोन केला. हिमोग्लोबिन साडेदहा, सावकाश चालू द्या म्हणाले. संध्याकाळी अण्णांना म्हणलं, गोऱ्ह्याला पाणी दाखवायचं राहिलंय. काही न बोलता उठले. गोठा वीस पावलांवर, मधे एकदा थांबले. बादली आईनं धरली. गोऱ्हा पाणी पीत होता तोवर अण्णा त्याच्या पाठीवरचे गोचीड काढत उभे होते.