लहान मराठी चॅनलवर उत्साह टिकवायचा कसा?

डिचोलीकर: नमस्कार. नोकरी सांभाळून मी गोव्यातील डिचोली आणि सत्तरी भागांतील सण, जत्रा व लोककलांविषयी यूट्यूबवर मराठीतून व्हिडिओ करतो. माटोळीला (चतुर्थीत गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या मांडवीला) बांधायची कांगले आणि माट्टीची फळे कुठे मिळतात, हे दाखवण्यासाठी रान तुडवावे लागते, संपादनात रात्री जातात आणि शेवटी पाहणारे बहुतेक नातलगच निघतात. याउलट कळंगुटच्या किनाऱ्यावर सहज टिपलेली शॉर्ट (यूट्यूबवरील छोटा उभा व्हिडिओ) हजारोंपर्यंत पोहोचते. अशा वेळी उमेद कशी टिकवावी, की सरळ किनाऱ्याकडेच वळावे?

फोंडेकर: माटोळीचा व्हिडिओ आपण केव्हा प्रसिद्ध केला, हे आधी सांगा. चतुर्थी आटोपल्यावर टाकला असेल, तर तो पाहण्याची गरजच कुणाला उरलेली नसते. लोक शोधाशोध करतात ती श्रावणात, बाजारात सामान येण्यापूर्वी. यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनलची आकडेवारी दाखवणाऱ्या पानावर, प्रेक्षक कुठून येतात ते दिसते. त्यात शोधातून येणाऱ्यांचे प्रमाण वाढत असेल, तर एकूण आकडा लहान असला तरी व्हिडिओ जिवंत आहे असे मी समजतो, कारण असा व्हिडिओ पुढच्या चतुर्थीलाही पाहिला जातो. शॉर्टचे तसे क्वचितच होते.

पेडणेकर: वरील मताशी सहमत आहे, मात्र पैशाचा मुद्दाही स्पष्ट असावा. जाहिरातींच्या उत्पन्नासाठी 1,000 सदस्य (सबस्क्रायबर) आणि मागील 12 महिन्यांत 4,000 तास पाहिले जाणे आवश्यक असते, किंवा मग 90 दिवसांत शॉर्ट्सना 1 कोटी व्ह्यूज लागतात. शॉर्ट्स फीडमध्ये पाहिले गेलेले तास त्या 4,000 मध्ये धरले जात नाहीत, त्यामुळे किनाऱ्यावरची ती शॉर्ट आपल्याला वाटते तितकी उपयोगाची नाही. शिवाय 12 महिन्यांची मुदत रोज पुढे सरकत असल्याने जुने तास गळत जातात आणि नियमित काम करूनही आकडा कधीकधी घटलेला दिसतो. तो रोज पाहू नये. मन खचवण्याचा (माझ्या मते) याहून सोपा उपाय नाही.

काणकोणकर: सगळे एकट्याने करणे हेच थकव्याचे खरे मूळ असावे. गावातील आरती मंडळातला एखादा मुलगा संपादन शिकायला तयार होतो का, ते पाहा. घुमट या मातीच्या वाद्याला घोरपडीच्या कातड्याऐवजी आता बकऱ्याचे कातडे का लावतात, यासारखा विषय तर वादकांकडूनच वदवून घ्यावा. निवेदन लिहिण्याचे निम्मे श्रम तिथेच वाचतात आणि माहितीही पक्की मिळते.

डिचोलीकर: आभारी आहे. व्हिडिओ चतुर्थीनंतरच टाकला होता. शिगम्याच्या बाबतीत मात्र अडचण अशी की, घोडेमोडणी (शिगम्यातील लाकडी घोड्यांचे लोकनृत्य) होण्यापूर्वी तिचे चित्रण मिळणार कुठून? गेल्या वर्षीचे वापरले तर चालेल का?

फोंडेकर: अवश्य चालेल. वर्ष आणि गाव मात्र पडद्यावर लिहा, आणि यंदाचे चित्रण पुढच्या वर्षासाठी राखून ठेवा.