बाळ रांगलंच नाही, चालेल कधी?

चिऊचीआई: मुलगी १४ महिन्यांची झाली, रांगलीच नाही, बुडावर सरकत घरभर फिरते, धरून उभी राहते पण हात सोडला की लगेच बसकण मारते. सासूबाई म्हणतात हिचा बाबा ९व्या महिन्यात पळत होता. डॉक्टरांना दाखवू का?

आजोबा_ऑनलाइन: बाबाचं पळणं पुराव्याशिवाय मानू नका 😄 डब्ल्यूएचओच्या २००६च्या अभ्यासात आधाराशिवाय चालायचं वय साधारण ८ ते १८ महिने आलंय, काही मुलं रांगणं गाळतातच. बुडावर सरकणारी तर बऱ्याचदा उशिराच चालतात.

दोनपोरं: वॉकर मात्र नको, त्याने चालणं लवकर येत नाही, वर पडायची भीती. अनवाणी सोडा, सोफा धरून आडवी पावलं टाकू दे. आणि वेळेआधी झाली असेल तर ड्यू डेटपासून महिने मोजा.

फिजिओताई: नुसतं चालणंच बघू नका हो. हाकेला बघते का, बोटाने दाखवते का, दोन्ही हात सारखे वापरते का? एकच बाजू वापरत असेल किंवा आधी येणारी गोष्ट करायची थांबली तर लगेच दाखवा. १८ महिन्यांपर्यंत चालली नाही तरी दाखवायचंच.

चिऊचीआई: अरे हो, ५ आठवडे आधी झालीये! हाकेला बघते, आणि बोट तर सारखं पंख्याकडेच.