मर्सिडीज २८० एसई ३.५ कॅब्रिओले: खरी व्ही८ कशी ओळखायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी स्टुटगार्टला असतो, इथे एका डीलरकडे १९७१ची २८० एसई ३.५ कॅब्रिओले (उघडणाऱ्या छताची, व्ही८ म्हणजे आठ सिलेंडरच्या इंजिनवाली) आलीये आणि माझे जर्मन सासरे तिच्यावर पार फिदा झालेत. १९६९ ते ७१ मध्ये अशा फक्त १२३२ गाड्या बनल्या म्हणून भाव आभाळाला, आणि म्हणूनच सहा सिलेंडरवाल्या साध्या २८० एसईमध्ये नंतर व्ही८ बसवून विकणारे महाभागही आहेत. चॅसी नंबर १११०२७ने सुरू हवा, १११०२५ असेल तर ती मुळात सहा सिलेंडरची, एवढं कळलंय. नंबर बरोबर आहे. पण पुढच्या फेंडरवरची ती चॅसी नंबरची प्लेट नवीनच वाटते हो, स्क्रूसुद्धा चकाचक! डीलर म्हणतो रंगकामात बदलली. मग चॅसीवर ठोकलेला नंबर नेमका कुठे बघायचा? फॅक्टरीचं डेटा कार्ड (गाडी बनली तेव्हाचे नंबर नोंदलेला कागद) मागू का आधी? आणि दारांखालच्या पट्ट्या, जॅक लावायच्या जागा, डिकीचा तळ इथला गंज नव्या रंगाखाली लपवलेला कसा ओळखायचा? मॅग्नेट पुरतो की रंगाची जाडी मोजायचं मीटर लागेलच? कुणी या गाडीवर काम केलं असेल तर प्लीज सांगा, सासरे ॲडव्हान्स द्यायला उतावीळ झालेत.