फाउंड्रीत करिअर करायचं तर आधी डिग्री की आधी आयटीआय?

हिंगण्याचा मोल्डर:
फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, जायचं म्हटलं की पोरांना सगळे एकच सांगतात, मेटलर्जीची, म्हणजे धातुशास्त्राची, डिग्री घे. मला हे पटत नाही. आधी आयटीआयचा फाउंड्रीमन ट्रेड करा, एका वर्षाचाच आहे. मग अप्रेंटिसशिप, आणि डिप्लोमा त्यानंतर. हिंगणा एमआयडीसीत डिग्री घेऊन आलेले पोट्टे बघतो. रनर-रायझरचं, म्हणजे साच्याला रस पुरवणाऱ्या वाटांचं, गणित पक्कं असतं, पण साच्याची वाळू मुठीत दाबून मोड म्हटलं की थबकतात. गोळा स्वच्छ तुटला तर ओल बरोबर, भुसभुशीत झाला तर कोरडी, हाताला चिकटला तर जास्त. हे हातात बसायला महिने लागतात, कोणत्याच पेपरात ते येत नाही.

लॅबवाला, बुटीबोरी:
भाऊ, मुठीच्या भरवशावर आता ऑर्डर मिळत नाही. ग्राहक रिपोर्ट मागतो. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओल्या वाळूत, ओल साधारण ३ ते ४ टक्के ठेवतात, त्यातला अर्धा टक्का मुठीला कसा कळणार? आणि एसजी आयर्नचं, म्हणजे गोल ग्रॅफाइटवाल्या बिडाचं, काय? मॅग्नेशियम दिल्यावर धातू काही मिनिटांत ओतावाच लागतो. उशीर झाला की मॅग्नेशियमचा असर उतरतो, ग्रॅफाइट गोल बनत नाही. कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, वरून अगदी छान दिसतं आणि लोड आला की तडकतं. उशीर का चालत नाही हे ज्याला शिकवलंच नाही, तो ‘होऊ द्या दोन मिनिटं’ म्हणतो. नागपुरातच व्हीएनआयटीला मेटलर्जी आहे, रांचीला १९६६ पासून खास फाउंड्री-फोर्जसाठी काढलेली संस्था आहे. पोरांनी तिकडे काहून जाऊ नये?

हिंगण्याचा मोल्डर:
जावं ना. पण तिकडून शिकलेला नोकरीसाठी कोल्हापूर, पुणे, राजकोट बघतो. आणि मॅग्नेशियमचं म्हणता, तर ती लॅडल, रस ओतायचं भांडं, घेऊन साच्यापाशी कोण उभा असतो? इंजिनिअर नाही जी. ‘का’ सांगायचंच असेल तर आधी त्याला सांगा.

फेटलिंगवाल्याची मुलगी:
काका, दोघांचंही ऐकलं. माझ्या बाबांनी फेटलिंगमध्ये, म्हणजे कास्टिंग घासून साफ करण्यात, उमेदीची वर्षं काढली. तोंडाला रुमाल, बस. शेवटी सिलिकोसिस निघाला. वाळूतल्या सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात गेली की परत येत नाही, हे त्यांना कामाच्या पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. ओलं भंगार भट्टीत पडलं तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस उसळतो, हेही ते बघूनच शिकले. नुसतं ‘शॉपमध्ये हात तयार होतो’ म्हणून पोरं पाठवू नका.

लॅबवाला, बुटीबोरी:
ताई, म्हणूनच म्हणतो, वर्गात बसवा.

हिंगण्याचा मोल्डर:
वर्गात बसवून मास्क नाकावर चढत नाही, शॉपमध्ये कोणीतरी रोज बघावं लागतं. ताई, तुमच्या बाबांच्या बाबतीत चूक शॉपचीच, ते मी नाकारत नाही. पण माझं म्हणणं कायम आहे. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे, तरी पोराला शिकवण्याच्या नावाखाली वाळू उपसायला लावतात. अप्रेंटिस घ्यायचा तर पहिल्या आठवड्यात त्याला धूळ आणि भंगार शिकवा, पहिल्या महिन्यात वाळूची टेस्ट त्याच्या हातून करून घ्या, आणि त्याच्या कामाच्या वहीवर सही लॅबवाल्याची घ्या. तुम्ही सही करायला याल का, भाऊ?

लॅबवाला, बुटीबोरी:
येतो. पण आधी वही वाचीन, मग सही.