मदत हवी आहे: विहिरीच्या कडेला दिसणारे काळ्या मातीचे डाग म्हणजे बुजलेली जुनी बिळे असतील का?

नमस्कार. कोल्हापूरजवळ पंचगंगेच्या काठी आमचे शेत आहे. तेथे नवी विहीर खोदताना पाच फूट काळ्या मातीखाली चुनखडीचे खडे असलेली पिवळट माती लागली असून, तिच्या उभ्या कडेवर काळ्या मातीचे लंबगोल डाग जागोजाग दिसत आहेत. पुढच्या आठवड्यात बांधकाम सुरू झाले की ते कायमचे झाकले जातील, म्हणून जाणकारांना तातडीने विचारत आहे.

बहुतेक डाग तीन-साडेतीन इंच रुंद आहेत. एक तिरका खाली उतरत जाऊन टोकाशी नारळाएवढा फुगला आहे. तो खुरप्याने हलकेच खरवडला, तेव्हा आतली भुसभुशीत माती सुटून आली आणि मागच्या पिवळ्या मातीवर जोडीजोडीने उमटलेले बारीक ओरखडे दिसले. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडणाऱ्या भेगाही वरच्या मातीने भरतात, परंतु त्या पाचरीसारख्या निमुळत्या होतात. कुजलेल्या मुळाची पोकळीही फाटे फुटत बारीक होत जाते. येथे फुगीर टोक वगळता रुंदी शेवटपर्यंत सारखी आहे. म्हणून हे घुशीसारख्या प्राण्याचे बुजलेले बीळ असावे, असे मला वाटते. मृदाशास्त्रात अशा भरलेल्या बिळाला रशियन भाषेतून आलेला ‘क्रोटोव्हिना’ हा शब्द आहे.

त्या फुगीर भागात, जमिनीपासून आठ फुटांवर, तांबड्या खापराचा एक तुकडा मिळाला. कोल्हापुरातील ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ च्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष सापडले होते, त्यामुळे घरी लगेच तिचे नाव निघाले. परंतु खापर बिळातून वरून घसरत आले असेल, तर त्याच्या खोलीवरून पिवळ्या थराचे वय ठरवणे चुकीचे होईल.

दुसऱ्या एका डागात चुनखडीचा खडा अर्धा काळ्या भरावात आणि अर्धा पिवळ्या मातीत रुतलेला आहे. पाण्याबरोबर झिरपलेला चुना साकळून असे खडे बनायला फार काळ लागतो. हा खडा बीळ भरल्यानंतर जागेवरच बनला असेल, तर बीळ कालपरवाचे नाही, हा तर्क बरोबर आहे का? की खणणाऱ्या प्राण्याने वाटेतला खडा तसाच सोडला असेल? हे वेगळे कसे ओळखावे?

पट्टी ठेवून छायाचित्रे काढली आहेत आणि खापर भोवतालच्या मातीसह कागदात गुंडाळून ठेवले आहे. बांधकामापूर्वी आणखी कोणत्या नोंदी घ्याव्यात, मातीचे नमुने कसे काढावेत आणि पुरातत्त्वाचे संशोधन करणाऱ्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे विचारणा करण्याइतके हे महत्त्वाचे आहे का, हे कृपया सांगावे. गवंड्यांना सोमवारपर्यंत थांबवले आहे.