काँक्रीटची ‘डागडुजी’ म्हणावे, ‘दुरुस्ती’ म्हणावे की ‘निगा’?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधील एका कॉलमचा हातभर लांबीचा पोपडा गेल्या महिन्यात निखळून पडला आणि आतली सळई तांबडीलाल गंजलेली दिसली. त्यानंतर सभासदांना वाचता येईल अशी एक मराठी मार्गदर्शिका तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची २००२ सालची हस्तपुस्तिका आणि ईएन १५०४ ही दहा भागांची युरोपीय मानके समोर ठेवून मी मजकूर लिहीत आहे. त्या मानकांच्या शीर्षकातच ‘प्रोटेक्शन’ आणि ‘रिपेअर’ हे दोन शब्द आहेत, आणि प्रोटेक्शन आधी आहे. म्हणून मी शीर्षक दिले: ‘काँक्रीटचे संरक्षण व दुरुस्ती’. आमच्या इमारतीतील एका निवृत्त ओव्हरसियर काकांनी ते खोडून ‘डागडुजी व निगा’ असे केले. त्यांच्या मते दुरुस्ती यंत्राची होते, घराची डागडुजी होते. माझी आजीही वाड्याच्या बाबतीत डागडुजीच म्हणत असे, त्यामुळे मला ठामपणे विरोध करता आला नाही. शिवाय ‘रिहॅबिलिटेशन’साठी ‘पुनर्वसन’ लिहिले, तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर धरणग्रस्तच उभे राहतात. कोणते शब्द योग्य ठरतील?

पंचवटीतून

ताई, आपल्या आजींचे बरोबर होते, पण त्या ज्या वाड्याविषयी बोलत, तो माती, लाकूड आणि चुन्याचा होता. पावसाळ्यापूर्वी चार कौले बदलायची, भेगेत चुना भरायचा, पोटमाळ्याची फळी ठोकायची, एवढ्यात ते काम भागत असे. लहानपणी मी जुन्या नाशकातील तांबटांकडे गळके भांडे घेऊन जात असे, तेव्हा ते त्याला ‘डाग देत’. डागडुजीतला डाग मला तरी तोच वाटतो, म्हणजे सांधणीचा ठिपका. ‘डुजी’ हा नुसता जोडून आलेला नादशब्द असावा. आमचे एक शिक्षक मात्र तो ‘दुजा’पासून आला, म्हणजे एकावर दुसरा डाग, असे सांगत. व्युत्पत्ती कोणतीही धरली तरी अर्थ ठिगळाचाच निघतो.

सातपूरहून (इमारत दुरुस्तीच्या कामावर असणारा)

पंचवटीकरांनी सांगितलेला ठिगळाचा अर्थ खरा असेल, तर हा शब्द शीर्षकात येऊ नये असे मला कळकळीने वाटते, कारण काँक्रीटचे सर्वांत जास्त नुकसान ठिगळानेच होते. चांगल्या काँक्रीटचा पीएच बाराच्या वर असतो आणि त्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक पातळ रक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड आत झिरपत गेला की हा पीएच उतरतो, थर मोडतो आणि ओल मिळताच गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापत असल्याने तो आतून रेटा देतो आणि पोपडा उडतो. कामावर आम्ही आधी हातोडीने ठोकून पाहतो. निरोगी भाग टणटण वाजतो, सुटलेला भाग भदभद वाजतो. ताज्या फोडलेल्या जागेवर फिनॉल्फ्थॅलिन हे अल्कता ओळखणारे रसायन शिंपडले की जिथे अल्कता शिल्लक आहे तिथे गर्द गुलाबी रंग येतो आणि जिथे ती गेली आहे तिथे काही रंग येत नाही. सळईपर्यंतचा भाग बिनरंगाचा निघाला, तर केवळ वरून मसाला थापणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. सळईच्या मागे बोट जाईल इतके, म्हणजे सुमारे २० मिमी, काँक्रीट काढून, सळई चहूबाजूंनी घासून मगच नवे भरावे लागते. एवढे करूनही नव्या भरावाच्या कडेला जुन्या काँक्रीटमध्ये गंज नव्याने सुरू होऊ शकतो, म्हणून कारण शोधणे आधी येते. आपण म्हणता त्या युरोपीय मानकाच्या नवव्या भागात अकरा तत्त्वे आहेत. त्यांतली पहिली सहा काँक्रीटच्या दोषांसाठी आणि उरलेली पाच सळईच्या गंजासाठी आहेत. हे सगळे ‘डागडुजी’त मावत नाही, तेव्हा ‘दुरुस्ती’च लिहावे. आणि कव्हरला, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराला, कृपया कव्हरच म्हणावे.

भगूरहून

शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. ‘आच्छादन’ हा सुबोध शब्द असताना कव्हर कशासाठी? ज्या गावात जन्मलेल्या सावरकरांनी महापौर आणि दिनांक हे शब्द रुजवले, त्या गावचा मी आहे. हे शब्दही आरंभी परकेच वाटले असतील, वापरल्यावर ते आपले झाले. ‘दुरुस्ती’ही फारसी ‘दुरुस्त’वरून आलेली आहे. ‘जीर्णोद्धार’ हा पूर्ण अर्थ देणारा शब्द आपल्याकडे आहे, त्याचा विचार व्हावा.

सिडकोतून (निवृत्त शिक्षिका)

जीर्णोद्धार मंदिराचा होतो, घाटाचा होतो. त्यात पुण्याची भावना आहे, आणि पार्किंगच्या कॉलमला ती लावता येत नाही. राहिली दुरुस्ती. आपण ‘घटनादुरुस्ती’ म्हणतो, घटनेची डागडुजी कोणी म्हणत नाही. इतक्या गंभीर अर्थाने रुळलेल्या शब्दाला केवळ त्याच्या जन्मस्थानावरून बाहेर काढणे मला अन्यायाचे वाटते. ओव्हरसियर काकांचे ‘दुरुस्ती यंत्राची’ हे म्हणणेही त्यामुळे टिकत नाही. दिंडोरी रस्त्यावरील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेला सारे नाशिक ‘मेरी’ म्हणते, आणि रिक्षावाल्याला पूर्ण मराठी नाव सांगून तिथे पोहोचता येत नाही. एक मात्र सुचवते, भिंतीवर फुटणाऱ्या पांढऱ्या खारासाठी आमची आई ‘लोणा’ म्हणत असे. तो शब्द मार्गदर्शिकेत अवश्य घ्यावा.

पंचवटीतून

लोणा हा ‘लवण’ कुळातला शब्द, लोणारच्या खाऱ्या सरोवराचे नावही त्याच कुळातले मानतात. आमच्याकडे ‘भिंतीला लोणा लागला’ असेच म्हणत.

सातपूरहून

लोणा अवश्य घ्यावा, पण त्याखाली एक सूचना असावी. पांढरा लोणा म्हणजे पाणी आत फिरते आहे एवढीच खूण आहे. तांबूस ओघळ म्हणजे सळई गंजू लागली आहे. सभासद दोन्हींना ‘डाग’ म्हणतात, दोन्हींवर रंग मारून घेतात आणि पुढची दोन वर्षे दिसेनासा झालेला गंज आत वाढत राहतो.

भगूरकरांना आच्छादनाविषयी एक अनुभव सांगतो. निफाडकडच्या एका कामावर मी मराठीत ‘आच्छादन ४० मिमी’ असे लिहून दिले होते. आयएस ४५६:२००० या भारतीय मानकाप्रमाणे कॉलमच्या उभ्या सळईला साधारणतः तेवढे कव्हर लागते. तिथला मुकादम द्राक्षबागेत वाढलेला, त्याच्या लेखी आच्छादन म्हणजे वेलीच्या बुडाशी पसरलेला पाचट. कॉलमवर ओले गोणपाट गुंडाळायचे आहे, असे त्याने समजून घेतले. गोणपाट त्याने उत्तम गुंडाळले, पण सळईला कव्हर ब्लॉक, म्हणजे तिला साच्यापासून दूर ठेवणारे ठोकळे, बांधलेच नव्हते आणि एका बाजूला सळई थेट साच्याच्या फळीला टेकली होती. तो कॉलम फोडावा लागला.

भगूरहून

तो दोष शब्दाचा नाही, समजावून न सांगण्याचा आहे. ‘कव्हर’ म्हटल्यावर नवख्या मजुराला तरी काय कळते? त्यालाही ब्लॉक हातात देऊन दाखवावाच लागतो. दाखवायचेच असेल, तर मराठी शब्द उच्चारून दाखवावा.

इंदिरानगर (मूळ प्रश्न)

सर्वांचे मनापासून आभार. ‘दुरुस्ती’बद्दल माझे मन बरेचसे तयार झाले आहे, परंतु ‘संरक्षण’ आणि ‘पुनर्वसन’ तसेच राहिले. काल एका सभासदाने मसुदा वाचून विचारले की संरक्षण म्हणजे कंपाउंडची संरक्षक भिंत का. पृष्ठभागावरचा लेप, गच्चीवरच्या पाण्याचा निचरा, गळक्या पाइपांची पाहणी या सगळ्यांना कवेत घेणारा शब्द मला हवा आहे.

सिडकोतून

मग काकांची ‘निगा’ परत आणावी. फारसीत ‘निगाह’ म्हणजे नजर. कॉलमवर वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा नंतर, नजर फिरवणे हेच त्यातले पहिले काम आहे. ‘काँक्रीटची निगा व दुरुस्ती’ हे शीर्षक मला कानालाही बरे वाटते.

सातपूरहून

निगेत पाहणी येते, लेप येत नाही. लेपासाठी ‘संरक्षक लेप’च म्हणावे लागेल, म्हणजे संरक्षण पुन्हा आलेच.

भगूरहून

आणि शीर्षकातले दोन्ही शब्द फारसी झाले. ‘जतन’ का नको?