मदत हवी आहे: दहा ओळींचा गेम नियमात बसतोय, पण लोकांच्या मनात बसत नाहीये

मंडळी नमस्कार, थोडं सविस्तर लिहितोय कारण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

आमचं घर मालवण तालुक्यात, नोकरी कुडाळला. माझा काका पुण्याला होता आणि त्याच्याकडे डीबी स्पेक्ट्रम होता, म्हणजे आपल्याकडे लायसन्सवर विकला गेलेला सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम हा जुना घरगुती कॉम्प्युटर. मे महिन्यात तो मशीन पिशवीत घालून गावी यायचा, टीव्हीला जोडायचा, गेमची कॅसेट लावायचा आणि ती किर्र किर्र संपेपर्यंत आम्ही पोरं गप बसून राहायचो, मध्येच लाइट गेली की परत पहिल्यापासून. ते मशीन आता माझ्याकडे आहे पण कीबोर्डच्या आतला पातळ प्लास्टिकचा पडदा (मेम्ब्रेन) कडक होऊन तुटलाय, त्यात आमची खारी हवा.

तर यंदा मेच्या सुट्टीत वाडीतल्या वाचनालयात मी एक स्पर्धा ठेवली. स्पेक्ट्रम 48के च्या बेसिक या प्रोग्रामिंग भाषेत फक्त 10 ओळींत गेम लिहायचा, लॅपटॉपवर इम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) चालेल. नियम मी एका पानावर लिहून लावले होते: 10 ओळी, मशीन कोड (प्रोसेसरची थेट आकड्यांची भाषा) नाही, गेम स्वतःचा, 15 दिवस मुदत. बक्षीस काजूगर आणि कोकमाचं आगळ. 11 जणांनी भाग घेतला, त्यातली 6 शाळेतली पोरं, ज्यांनी बेसिक हे नावसुद्धा आधी ऐकलं नव्हतं. निकाल चतुर्थीला लावायचा ठरलाय, तेव्हा चाकरमानी आलेले असतात, सगळे खेळून बघतील आणि मत देतील.

आता अडचण. दोन गेम उरलेत ज्यांच्यावरून वाद पेटलाय.

पहिला गेम दहावीतल्या मुलीचा. खडपात खेकडे पकडायचे, लाटेच्या आत परत यायचं. तिची एकेक ओळ स्क्रीनवर जेमतेम 2-3 रांगा घेते. खेकडा कुठे, दगड कुठे हे लक्षात ठेवायला तिने अ‍ॅरे (मेमरीतला आकड्यांचा तक्ता) वापरलेलाच नाही, पुढच्या चौकोनाचा रंग काय आहे हे बेसिकमधल्या एटीटीआरने थेट पडद्यालाच विचारते, लाल असेल तर खेकडा, पिवळा असेल तर दगड. मी हे तिला शिकवलेलं नव्हतं. लिस्टिंग, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम, वाचताना अंगावर काटा आला खरं सांगतो.

दुसरा गेम इंजिनीअरिंगच्या मुलाचा, मुंबईहून सुट्टीला आलेला. होडी खडकांमधून जेटीला आणायची, होडीचं चित्र आहे, वारा आहे, लाटा हलतात. खेळायला हा जास्त मजेचा, यात शंकाच नाही. ओळी मोजल्या तर बरोबर 10. पण त्याची 7 नंबरची ओळ एकटीच अख्खा स्क्रीन भरून खाली वाहते, आज्ञांच्या मध्ये कोलन घालून घालून सातशेच्या वर अक्षरं एका ओळीत कोंबलीत.

ओळ किती लांब असावी हे मी लिहिलंच नव्हतं. स्पेक्ट्रमवर ओळीला तशी मर्यादा जाणवतच नाही आणि माझ्या डोक्यात 10 ओळी म्हणजे आपल्या वहीतल्यासारख्या 10 ओळी असंच चित्र होतं.

वाचनालयातली दोन जाणती माणसं म्हणतात त्याला बाद करा, ही फसवणूक आहे. एकांनी लिस्टिंगमध्ये यूएसआर हा बेसिकचा शब्द दिसतोय म्हणून हा मशीन कोडच आहे असंही ठरवून टाकलंय. मुलाचे वडील म्हणतात नियम दाखवा कुठला मोडला तो, आणि मला दाखवता येत नाही. एआयकडून लिहून घेतलं अशी कुजबुजही आहे, त्यावर तर नियमच नव्हता.

मला विचारायचंय ते हे, की जगात जिथे अशा स्पर्धा वर्षानुवर्षं चालतात तिथे हे कसं हाताळतात? नियम आधीच इतका घट्ट बांधतात की पळवाट राहू नये, की माणसावर सोडतात? आणि आता, सगळं झाल्यावर, मी काय करू? त्या मुलीवर अन्याय नको आणि त्या मुलाने परत कधी कीबोर्डला हात लावू नये असंही नको. चतुर्थीला तीन आठवडे उरलेत.

प्रतिसाद १

बाद अजिबात करू नका. नियम लावल्यावर स्पर्धेच्या मध्यात नवीन नियम आणणं ही त्याच्या लांब ओळीपेक्षा मोठी चूक होईल.

आधी यूएसआरचं मिटवून टाका. यूएसआरच्या पुढे आकडा असेल तर त्या पत्त्यावरचा मशीन कोड चालतो. पण पुढे अवतरणात अक्षर असेल, यूएसआर "ए" असं, तर तो फक्त वापरणाऱ्याने स्वतः काढायच्या चित्राचा मेमरीतला पत्ता देतो, तिथे 8 बाइट पोक केले (थेट मेमरीत लिहिले) की अक्षराच्या जागी होडी दिसते. ते शुद्ध बेसिक आहे, स्पेक्ट्रमच्या मॅन्युअलमध्येच शिकवलेलं आहे. पोराने होडी काढलीय म्हणजे हेच असणार.

ओळीच्या लांबीचं म्हणाल तर हा प्रश्न तुम्हाला पहिल्यांदा पडलेला नाही. बेसिक टेनलायनर नावाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे, जुन्या 8 बिट होम कॉम्प्युटरांसाठी, तिथे गटच ओळीच्या लांबीवरून पाडलेत: पीयूआर-80, पीयूआर-120 आणि एक्स्ट्रीम-256. 80 हा आकडा कमोडोर 64 वाल्याला ओळखीचा वाटेल, त्यावर 40 अक्षरांच्या दोन रांगा मिळून बेसिकची एक ओळ होते, आणि अटारीवर अशा तीन रांगा म्हणून 120. स्पेक्ट्रमवर असा बांध घातलेलाच नव्हता म्हणून तुमच्याकडे पाणी शिरलं.

प्रतिसाद २

मी मुलाच्या बाजूने बोलणार. लांब ओळ म्हणजे फुकटचा माल असं ज्यांना वाटतंय त्यांनी एकदा लिहून बघावी. स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये इफ खोटा ठरला की त्या ओळीतलं पुढचं सगळंच्या सगळं सोडून मशीन खालच्या ओळीवर जातं. आणि गोटूने ओळीच्या सुरुवातीलाच उडी मारता येते, मध्ये कुठे नाही. म्हणजे 700 अक्षरांच्या ओळीत त्याला इफ जवळपास वापरताच आला नसणार, शेवटी एखादा. मग होडी डावी-उजवी कशी नेली? एक्समध्ये, म्हणजे होडीच्या जागेच्या आकड्यात, कंसातली तुलना मिळवायची, बटण दाबलेलं असेल तर कंस 1 होतो नसेल तर 0, दोन कंसांची वजाबाकी केली की झालं. अख्खा गेम असा गणितात बसवायचा म्हणजे डोकं लागतं हो. एकदा त्याला शेजारी बसवून ओळ 7 वाचून दाखवायला सांगा, सगळ्यांसमोर नको, नुसतं तुमच्यासमोर. एआयचं पण तिथेच कळेल, ज्याने कोंबलंय त्याला प्रत्येक कोलन का आहे ते सांगता येतं.

प्रतिसाद ३

माका वाटता चूक त्या झिलाची नाय. भजनाची डबलबारी ऐकलास मां? दोन बुवा समोरासमोर, पाळी ठरलेली, वेळ ठरलेली, बाकी कोणी काय म्हणायचा ता लिवलेला नसता. तरी एखादो बुवा समोरच्याक उत्तर न देता घरात पाठ करून आणलेलाच म्हणत बसलो तर ऐकणाऱ्यांका बरोबर कळता. तुम्ही मत लोकांका देतास ना, मग लिस्टिंगपण भिंतीर लावा. दोन्ही गेमची, मोठ्या अक्षरात. नुसतो गेम खेळून मत मारूक देव नका.

धागाकर्ता

प्रतिसाद १, यूएसआरचं बघितलं, तुम्ही म्हणता तसंच आहे, अवतरणात "ए". ज्यांनी आक्षेप घेतला होता त्यांना आज दाखवलं, त्यांनी मान्य केलं.

प्रतिसाद २, तुमचं वाचून काल त्याला फोन केला. लॅपटॉप पुढ्यात घेऊन त्याने पाऊण तास मला ती ओळ समजावली, वारा कसा केलाय, लाट कुठल्या फॉर-नेक्स्टमध्ये (परत परत फिरणाऱ्या भागात) आहे, सगळं. एका जागी अडकला होता तर दोन रात्री जागला म्हणाला. त्याचीच आहे. मी विचारलं अरे तुला वाटलं नाही का की 10 ओळी म्हणजे छोटं करायचंय, तर तो म्हणाला काका मला वाटलं नियमातली फट शोधणं हाच गेम आहे. याच्यावर मला उत्तर सुचलं नाही. जुन्या मशीनवर ज्यांनी गेम लिहिले त्यांनी फटीच तर शोधल्या, अटारी 2600 वर 128 बाइट रॅममध्ये.

प्रतिसाद ४

फरक आहे पण. मशीनमधली फट शोधणं वेगळं आणि माणसाने लिहिलेल्या कागदातली फट शोधणं वेगळं. मशीनला कोणी विचारू शकत नाही, तुम्हाला तो विचारू शकला असता की काका ओळ किती लांब चालेल. पुढच्या वेळी एक वाक्य घाला, शंका आली तर विचारा आणि उत्तर सगळ्यांना कळवलं जाईल. निम्मे वाद इथेच संपतात.

बाहेरचं उदाहरण हवं तर लुडम डेअर घ्या, ठरलेल्या वेळात गेम लिहायची ऑनलाइन स्पर्धा, 2002 मध्ये सुरू झालेली. तिथला एक प्रकार एकट्याने 48 तासांत सगळं स्वतः करायचं, कोड, चित्रं, आवाज, आणि सोर्स कोड उघडा ठेवायचा. मग ज्यांना टीम करून यायचं होतं त्यांना हाकललं नाही, बाजूला 72 तासांचा जॅम नावाचा गट उघडला. बक्षिसं नाहीतच. तुम्हीही यंदा दोन गट करा, बक्षीस दोघांना.

आणि स्पेक्ट्रमवाल्यांची तर 1996 पासूनची एक स्पर्धा आहे जिथे मुद्दाम टुकार गेम लिहायचे असतात, आणि जिंकणाऱ्याला मिळतं काय, तर पुढच्या वर्षीची स्पर्धा भरवायची जबाबदारी. मला हे फार आवडतं.

प्रतिसाद ५

पुढच्या वर्षी अक्षरं मोजणार असाल तर काय मोजताय ते नीट ठरवा. स्पेक्ट्रममध्ये प्रिंट, गोटू हे शब्द मेमरीत एकेका बाइटचे असतात, पण आकडा महाग. नुसता 0 लिहिला तरी दिसणारा अंक आणि मागे लपलेले 6 असे 7 बाइट जातात. म्हणून जुनी मंडळी 0 च्या जागी नॉट पाय लिहायची, त्याचं उत्तरही 0 येतं, पण 2 बाइट. आता बाइट मोजले तर नॉट पाय जिंकतो, स्क्रीनवरची अक्षरं मोजली तर तोच नॉट पाय 6 जागा खातो आणि साधा 0 जिंकतो. पोरं कुठली युक्ती शिकणार ते तुम्ही मोजणार कसं त्यावर आहे.

इम्युलेटरचा स्पीड 100 टक्केच, हेही लिहा. कोणीतरी दुप्पट स्पीडला गेम छान बसवून आणतो आणि खऱ्या मशीनवर तो रांगतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, रात्री वाचनालयात बसून ठरवलं ते सांगतो.

कोणी बाद नाही. छोट्या ओळी आणि मोकळ्या ओळी असे दोन गट, आणि गट का पडले हे चतुर्थीला मी स्वतः उभा राहून सांगणार, की लांबी लिहायची माझ्याकडून राहिली, मुलाने काही मोडलेलं नाही. दोन्ही लिस्टिंग भिंतीवर लागणार. काजूगर दोन पिशव्या.

पुढच्या वर्षीचे नियम ती मुलगी आणि तो मुलगा मिळून लिहिणार. दोघांना विचारलं. मुलगी लगेच हो म्हणाली आणि तिने पहिला नियम सांगितला, ओळ स्क्रीनच्या 4 रांगांच्या पुढे नको, म्हणजे 32 गुणिले 4, 128 अक्षरं. मुलाने विचारलं अक्षरं की बाइट. प्रतिसाद ५, तुमचा मजकूर दोघांना पाठवलाय, त्यावरून त्यांचं कालपासून चालू आहे, ती म्हणते अक्षरं कारण सहावीतल्या पोराला बोटाने मोजता आली पाहिजेत, तो म्हणतो बाइट कारण मेमरी तीच खरी.

तुम्हा लोकांचं काय मत आहे तेवढं सांगा, पहिल्यांदा शिकणाऱ्या पोरांसाठी काय मोजावं? आणि कणकवली-कुडाळ पट्ट्यात कोणाकडे स्पेक्ट्रमच्या कीबोर्डचा नवीन मेम्ब्रेन असेल किंवा मागवायचा कुठून माहीत असेल तर तेही लिहा, चतुर्थीला दोन्ही गेम काकाच्या मशीनवर चालवून दाखवावेत अशी फार इच्छा आहे.